डॉजर्सची पिचिंग आणि २०२६ चा सीझन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकली. तेव्हापासून मराठी मंडळींचे तेच ते प्रश्न येत राहतात. काही जण कॅलिफोर्नियात राहणारे, काही पुण्या-मुंबईत सकाळच्या चहाबरोबर मॅच लावणारे. दहातले आठ प्रश्न पिचिंगबद्दल असतात. वाचणाऱ्याला क्रिकेट कळतं आणि बेसबॉलचे मोठे नियम माहीत आहेत, एवढं धरून उत्तरं दिली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे २०२५ च्या रेग्युलर सीझनचे.

पिचिंग स्टाफमध्ये किती जण असतात आणि कोण काय करतं?

रोजच्या २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. १ सप्टेंबरपासून संघ २८ चा होतो आणि पिचर १४. त्यात पाच-सहा स्टार्टर, म्हणजे आळीपाळीने मॅच सुरू करणारे. बाकीचे रिलीव्हर. ते जिथे बसतात आणि हात गरम करतात ती जागा म्हणजे बुलपेन; त्यावरून त्या सगळ्या टोळीलाच बुलपेन म्हणतात. शेवटची इनिंग टाकणारा तो क्लोजर, सातवी-आठवी सांभाळणारे सेटअपवाले, आणि स्टार्टर दुसऱ्याच इनिंगमध्ये कोसळला तर पुढच्या तीन-चार इनिंग्ज निमूटपणे ओढणारा तो लाँग मॅन. लाँग मॅनचं नाव मथळ्यात येत नाही. पण त्याने त्या दिवशी हात दिला नाही, तर पुढचे तीन दिवस क्लोजरपर्यंत सगळ्यांचे हाल होतात.

डॉजर्सकडे एक जागा जादा आहे, आणि ती शोहेई ओहतानीमुळे. ज्याने चालू किंवा मागच्या सीझनमध्ये किमान २० इनिंग्ज पिचिंग केली आणि किमान २० सामने फिल्डर किंवा डीएच (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) म्हणून सुरुवातीपासून खेळून प्रत्येकात तीनदा तरी बॅटिंग केली, त्याला नियमाने ‘टू-वे’ खेळाडू मानतात आणि तो १३ पिचरांत मोजला जात नाही. ओहतानीने २०२५ मध्ये ४७ इनिंग्ज टाकल्या, तेव्हा २०२६ साठीही तो या नियमात बसतो. म्हणून सहा स्टार्टर ठेवूनही डॉजर्सचं बुलपेन आठ जणांचं राहतं. इतर संघांना सहावा स्टार्टर हवा असेल तर एक रिलीव्हर कापावा लागतो.

एवढा पैसा ओतूनही दर जुलैत पिचर कमी का पडतात?

बाकी सगळे प्रश्न याचीच पिल्लं आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

१६२ सामने गुणिले ९ इनिंग्ज, म्हणजे १४५८. (काही सामने जादा इनिंग्जमध्ये जातात, घरच्या संघाने आघाडी घेतली असेल तर पाहुण्यांना नववीत पिचिंग करावी लागत नाही. दोन्ही मिळून आकडा १४५० च्या आसपास बसतो.) आता २०२५ मध्ये डॉजर्सच्या बड्या नावांनी त्यातल्या किती उचलल्या ते बघा: योशिनोबू यामामोतो १७३⅔, क्लेटन कर्शॉ ११२⅔, टायलर ग्लासनाऊ ९०⅓, ब्लेक स्नेल ६१⅓, ओहतानी ४७. बेरीज बरोबर ४८५.

पोस्टरवर झळकणाऱ्या पाच जणांनी मिळून सीझनचा जेमतेम तिसरा हिस्सा उचलला. यामामोतोचा करार १२ वर्षं आणि ३२.५ कोटी डॉलरचा, स्नेलचा पाच वर्षं आणि १८.२ कोटींचा. तरी उरलेल्या साडेनऊशेच्या वर इनिंग्ज एमेट शीहान, जस्टिन रोब्लेस्की, बेन कॅस्पेरियस, जॅक ड्रायर अशा मंडळींनी काढल्या. स्नेल खांद्यामुळे एप्रिलपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत बाहेर, ग्लासनाऊचेही काही महिने गेले, रोकी सासाकी मे महिन्यात खांदा धरून बसला, गॅविन स्टोनने शस्त्रक्रियेमुळे वर्षभर एकही चेंडू टाकला नाही.

तेव्हा स्टाफ जोखताना ‘पहिले तीन पिचर कोण’ हे विचारण्याआधी ‘सातवा, आठवा आणि नववा स्टार्टर कोण’ हे विचारा. २०२५ मध्ये त्याचं उत्तर शीहान होतं: कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर जूनमध्ये परतला आणि ७३⅓ इनिंग्ज टाकल्या, ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेले रन; हिशेब पुढच्या उत्तरात) २.८२. असा एक माणूस जूनमध्ये मिळणं म्हणजे जुलैत बाजारातून महागडा पिचर आणण्याइतकंच.

२०२६ मध्ये कर्शॉ नाही. तो १८ सीझन याच संघाकडून खेळून निवृत्त झाला. त्याच्या जागी भावनेने कोण बसतं हा वेगळा विषय. हिशेबात ११२⅔ इनिंग्जचं भगदाड आहे. स्नेल आणि ग्लासनाऊ यांनी मिळून २०० च्या वर इनिंग्ज दिल्या आणि ओहतानीने शंभरी गाठली, तर ते भरून निघतं. त्यांतला एक जरी घसरला, तर पुन्हा शीहान, रोब्लेस्की, स्टोन आणि रिव्हर रायन यांच्याकडेच बघायचं. रायनच्या कोपराची शस्त्रक्रिया ऑगस्ट २०२४ ची आहे.

ईआरए कसा काढतात? आणि त्यावर किती विसंबायचं?

अर्न्ड रन गुणिले ९, भागिले इनिंग्ज. यामामोतोने ४८ अर्न्ड रन दिले. ४८ × ९ = ४३२; भागिले १७३⅔; उत्तर २.४९. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे गेलेले रन ‘अनअर्न्ड’, ते धरत नाहीत.

नवखे हमखास चुकतात ते इनिंग्ज वाचताना. स्कोअरकार्डवर १७३.२ लिहिलेलं असेल तर त्या .२ चा अर्थ दोन आउट, म्हणजे दोन तृतीयांश. दशांश नव्हे. क्रिकेटमधल्या १७.२ ओव्हर्ससारखंच आहे, फक्त इथे सहाच्या जागी तीन. एखाद्या रिलीव्हरने एक आउट घेऊन दोन रन दिले तर ईआरए ५४.००, कॅल्क्युलेटरवर ०.१ ने भागलंत तर १८० येईल.

स्टार्टरचा ईआरए शंभर-सव्वाशे इनिंग्जनंतर बोलू लागतो. रिलीव्हरचा तेवढा बोलत नाही. नऊ इनिंग्जमध्ये दोन रन देणाऱ्याचा ईआरए २.००. दुसऱ्या दिवशी त्याने एक आउट घेता घेता तीन रन दिले की तोच थेट ४.८२. माणूस तोच, हात तोच. म्हणून रिलीव्हरच्या बाबतीत किती टक्के बॅटरना त्याने स्ट्राइकआउट केलं आणि किती टक्क्यांना वॉक (चार बॉल टाकून फुकट बेस) दिला, ही वजाबाकी बघा. पंधराच्या वर फरक असेल तर चांगला, विसाच्या वर असेल तर उत्तम. ईआरएशेजारी एफआयपी नावाचा आकडा असतो. त्यात फक्त होमरन, वॉक, अंगावर लागलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट धरतात, म्हणजे क्षेत्ररक्षकांचा हात वगळून पिचरचं काम. ईआरए दोनच्या घरात आणि एफआयपी चारच्या घरात असेल, तर पुढच्या महिन्यात ईआरए चढणार असं धरून चाला.

पिचर एकही रन देत नाही, तरी त्याला सहाव्या इनिंगमध्ये का काढतात?

कारण समोर पहिला बॅटर तिसऱ्यांदा आलेला असतो. पहिले अठरा बॅटर म्हणजे ऑर्डरचे दोन फेरे. तिसऱ्या फेऱ्यात बॅटरने त्या पिचरचे सात-आठ चेंडू पाहिलेले असतात. स्लायडर (शेवटी आडवा वळणारा चेंडू) हातातून सुटताना कसा दिसतो ते डोळ्यांत बसलेलं असतं. त्यात पिचरचं बोट आणि खांदा थकलेले. ८५ ते ९५ चेंडूंच्या घरात वेग एक-दीड मैलाने उतरला आणि चेंडू कॅचरच्या ग्लव्हपासून वर-वर सरकू लागले, की डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स पिचर बदलायला डगआउटच्या पायऱ्या चढतोच. त्याला शिव्या घालणं हा लॉस एंजेलिसचा जुना छंद आहे, पण हा हिशेब जवळजवळ सगळेच मॅनेजर करतात.

म्हणूनच यामामोतोने २०२५ च्या पोस्टसीझनमध्ये (रेग्युलर सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) लागोपाठ दोन सामने एकट्याने संपवले, ब्रुअर्सविरुद्ध १११ चेंडूंत आणि मग वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात ब्लू जेजविरुद्ध १०५ चेंडूंत, त्याचं एवढं कौतुक झालं. २००१ मध्ये कर्ट शिलिंगनंतर पोस्टसीझनमध्ये ते कुणाला जमलं नव्हतं. टोरांटोच्या (म्हणजे ब्लू जेजच्या) शेवटच्या २० बॅटरपैकी एकही बेसवर पोचला नाही. तिसऱ्या फेऱ्यातही तो स्प्लिटर, कटर, कर्व्ह यांची मिसळ बदलत राहतो. सहा प्रकारचे चेंडू ताब्यात असतील तर तिसरा फेरा पहिल्यासारखाच वाटतो.

सहा जणांच्या रोटेशनचा फायदा खरंच होतो का?

पाच जणांत प्रत्येकाला साधारण ३२ सामने सुरू करावे लागतात, सहा जणांत २७. सामन्यांच्या मधे चारऐवजी पाच दिवस मिळतात. जपानमध्ये स्टार्टर आठवड्यातून एकदाच टाकतो. यामामोतो, सासाकी, ओहतानी तिघेही त्याच वळणाचे, तेव्हा डॉजर्सनी ती घडी मोडली नाही हे शहाणपणाचं.

मधल्या दिवसांत आराम असतो असं नाही. पहिल्या दिवशी हलकं धावणं आणि मालिश, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी बुलपेनमध्ये २५-३५ चेंडूंचा सराव, त्यानंतर फक्त झेल-फेक. जादा दिवस मिळाला तर हा सराव एक दिवस पुढे ढकलता येतो आणि कोपराला सूज उतरायला वेळ मिळतो.

तोटाही आहे: तुमचा सर्वोत्तम पिचर पाच सामने कमी टाकतो आणि ते पाच सामने सहाव्या माणसाकडे जातात. सहावा माणूस बरा असेल तरच हे परवडतं.

ओहतानीला क्लोजर का करत नाहीत?

नियमाची एक बारीक खाच आहे. सामना सुरू करणारा पिचरच डीएच असेल, तर पिचिंग सोडल्यावरही तो डीएच म्हणून बॅटिंग करत राहू शकतो. पण तो आधी नुसता डीएच असेल आणि सातव्या इनिंगमध्ये पिचिंगला आला, तर नंतर माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) उतरताना त्याला फिल्डिंगला तरी पाठवावं लागतं, नाहीतर तो सामन्याबाहेर. डीएचची जागाही जाते. सामना जादा इनिंग्जमध्ये गेला तर जगातला एक नंबरचा बॅटर डगआउटमध्ये बसलेला. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात तीनच दिवसांच्या विश्रांतीवर त्याला सुरुवातीलाच आणलं, त्यामागचं एक कारण हेच. तिसऱ्या इनिंगमध्ये बो बिशेटने त्याला तीन रनांचा होमरन मारला, तो पिचिंगवरून उतरला, पण बॅटिंगला शेवटपर्यंत होता.

शिवाय रिलीव्हरला अचानक गरम व्हावं लागतं. ओहतानी मधेच बॅटिंगला जाऊन, बेस पळून येणारा. त्याने हात कधी गरम करायचा?

२०२५ मध्ये बुलपेनचं एवढं का बिनसलं? एडविन डियाझ आल्यावर सुटेल का?

टॅनर स्कॉटला चार वर्षं, ७.२ कोटी डॉलर देऊन आणलं. त्याने २३ सेव्ह केले आणि १० घालवले (सेव्ह म्हणजे काय ते पुढच्या उत्तरात). ५७ इनिंग्जमध्ये ईआरए ४.७४. त्याच्याकडे दोनच हत्यारं, फास्टबॉल आणि स्लायडर. दोन स्ट्राइक झाल्यावर फास्टबॉल झोनच्या वर जायचा तो मधोमध येत राहिला. एव्हन फिलिप्स कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला, ब्रुसदार ग्रॅटेरोल वर्षभर खांद्यामुळे बाहेर. आणि मुळात स्टार्टर जायबंदी झाल्याने मे-जूनमध्येच बुलपेनला रोज चार-चार इनिंग्ज ओढाव्या लागल्या. दमलेला हात चेंडू खाली ठेवू शकत नाही. वर राहिलेला चेंडू कुंपणाबाहेर जातो.

लक्षात घ्यायची आणखी एक गोष्ट: बुलपेनमध्ये नुसतं गरम होऊन परत बसणं हेही काम आहे. २० चेंडू जोरात टाकून माणूस आत आलाच नाही तर स्कोअरकार्डवर शून्य दिसतं, हाताला मात्र अर्ध्या इनिंगचा शीण. सलग तीन दिवस कोण उठून गरम झालं ते टीव्हीवर बघून टिपून ठेवलंत, तर चौथ्या दिवशी कोण मार खाणार याचा अंदाज बऱ्यापैकी येतो.

डियाझ डिसेंबर २०२५ मध्ये मेट्स सोडून तीन वर्षांसाठी ६.९ कोटी डॉलरवर आला. मेट्सकडून मागच्या सीझनमध्ये २८ सेव्ह, ईआरए १.६३. त्याच्या येण्याने नववी इनिंग सुटते. त्याहून मोठा फायदा म्हणजे स्कॉट आता सातव्या-आठव्या इनिंगमध्ये, जिथे डावखुऱ्या बॅटरांचा झुबका येतो तिथे नेमका वापरता येईल. तरी २०२० पासून रिलीव्हरला किमान तीन बॅटर किंवा इनिंगचा शेवट, एवढं टाकावंच लागतं. एका डावखुऱ्यासाठी आणला आणि काढला, हे दिवस गेले. त्यामुळे त्या तिघांतला मधला उजवा बॅटर कोण, हे प्रतिस्पर्धी मॅनेजरही मोजून ठेवतो.

डियाझने न सुटणारं काय? पाचवी-सहावी इनिंग. ती स्टार्टरांनीच टाकायची आहे.

सेव्ह, होल्ड आणि ब्लोन सेव्ह म्हणजे काय?

आघाडी तीन किंवा कमी रनांची असताना येऊन किमान एक इनिंग टाकून सामना संपवला, की सेव्ह. बरोबरीचा रन बेसवर, बॅटिंगला किंवा पुढच्या पाळीला उभा असताना आलं तरी चालतं. तीन इनिंग्ज टाकून शेवट केला तर आघाडी कितीही असो. शेवट न करता आघाडी टिकवून दुसऱ्याच्या हाती दिली की होल्ड. अशा स्थितीत येऊन आघाडी घालवली तर ब्लोन सेव्ह. यात एक अन्याय आहे: सातव्या इनिंगमध्ये येणाऱ्याला सेव्ह मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही, पण ब्लोन सेव्हचा डाग मात्र लागतो.

सासाकी स्टार्टर की रिलीव्हर?

चिबा लोट्टेकडून १० एप्रिल २०२२ रोजी परफेक्ट गेम टाकणारा हा मुलगा, त्यात १९ स्ट्राइकआउट, लागोपाठ १३. अमेरिकेत आल्यावर आठ सामने सुरू केले आणि खांदा दुखावून बसला. सप्टेंबरच्या शेवटी बुलपेनमधून परतला तो वेगळाच: फास्टबॉल ९९-१०० मैल. पोस्टसीझनमध्ये फिलीजविरुद्धच्या चौथ्या सामन्यात आठवी, नववी, दहावी अशा तीन इनिंग्ज, नऊ बॅटर, नऊ आउट.

त्याचा फोर्कबॉल कसा चालतो ते पाहा. चेंडू तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात खोल रुतवून धरतात, बोटं शिवणीच्या दोन्ही बाजूंना फाकलेली. हात फास्टबॉलच्याच वेगाने येतो, पण बोटांचा ढकल मिळत नाही म्हणून चेंडू फार कमी फिरतो. फास्टबॉलला उलट्या फिरकीमुळे जो उचल मिळतो तो इथे नसतो. बॅटरच्या गुडघ्यापाशी येईपर्यंत फास्टबॉल वाटतो आणि मग प्लेटवर तळ सुटल्यासारखा खाली जातो. बोटं लहान किंवा घामेजलेली असली की हाच चेंडू फिरत, न पडता, मधोमध येतो. मग जो आवाज होतो तो स्टँडच्या शेवटच्या रांगेत ऐकू जातो.

एका इनिंगला फास्टबॉल आणि फोर्क पुरतात. पाच-सहा इनिंग्जसाठी तिसरा चेंडू लागतो, आडवा जाणारा स्लायडर किंवा कटर, आणि तोही स्ट्राइकसाठी टाकता यायला हवा. आमचं मत: डियाझ असल्यामुळे त्याला रोटेशनमध्येच ठेवावं, चार-पाच इनिंग्ज टाकल्या तरी चालतील. वॉकचं प्रमाण जूनपर्यंत खाली आलं नाही तर पुन्हा बुलपेन.

कुणाला दुखापत होतेय हे आधी ओळखता येतं का?

खात्रीने नाही, पण तीन खुणा बघाव्यात. पहिली: फास्टबॉलचा सरासरी वेग लागोपाठ दोन सामन्यांत दीड मैल किंवा त्याहून जास्त उतरणं. दुसरी: एकदम वॉक वाढणं, कोपर दुखत असेल तर माणूस नकळत हात लवकर सोडतो आणि चेंडू उजव्या बॅटरकडे उंच जातो. तिसरी: चेंडू टाकल्यावर हात झटकणं, मनगट चोळणं, आणि ट्रेनरला बघून मान फिरवणं.

पिचरला जखमींच्या यादीत, म्हणजे आयएलवर, टाकलं की किमान १५ दिवस. गंभीर असेल तर ६० दिवसांची यादी. तिथे गेला की ४० जणांच्या मोठ्या रोस्टरमध्ये त्याची जागा मोकळी होते, म्हणून क्लब कधी कधी हे फार पटकन करतात. परतीची पायरी ठरलेली असते: सपाट जमिनीवर झेल-फेक, मग १२० फुटांपर्यंत लांब फेक, मग माउंडवरून बुलपेन, मग खऱ्या बॅटरसमोर सराव, आणि शेवटी मायनर लीगचे सामने, ज्यांना पिचरसाठी जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात. ‘अमुक उद्या बुलपेन टाकणार’ अशी बातमी आली की अजून तीन-चार आठवडे धरा.

कोपराची ती प्रसिद्ध ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया डॉजर्सच्याच घरातली. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनच्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवला. तो १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. आज परत यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. ओहतानीची कोपराची शस्त्रक्रिया सप्टेंबर २०२३ मध्ये झाली आणि तो माउंडवर आला १६ जून २०२५ ला, म्हणजे २१ महिन्यांनी. मधे डावा खांदाही निखळला होता, आणि घाई करायचं कारण नव्हतं.

काल चांगलं टाकलेल्या पोराला आज ओक्लाहोमा सिटीला (डॉजर्सच्या मायनर लीग संघाकडे) का पाठवतात?

कारण त्याने काल ४५ चेंडू टाकले, तीन दिवस तो चालणार नाही, आणि आज ताजा हात हवा आहे. ज्याच्याकडे ‘ऑप्शन’, म्हणजे असं खाली पाठवण्याची मुभा, शिल्लक आहे त्यालाच असं पाठवता येतं. पिचर गेला की किमान १५ दिवस तिकडेच, एखाद्या जखमीच्या जागी बोलावलं तरच आधी. एका सीझनमध्ये एकाला पाचच वेळा पाठवता येतं. ज्याचे ऑप्शन संपले तो वाईट टाकत असला तरी संघात का, याचं उत्तरही इथेच.

२०२६ पासून बॉल-स्ट्राइकचा निकाल मशीन देणार म्हणतात, त्याचा पिचिंगवर परिणाम काय?

सगळे निकाल मशीन देणार नाही. पंचाचाच निकाल राहतो, पण प्रत्येक संघाला दोन दाद मिळतात. दाद फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरने मागायची, टोपीवर किंवा हेल्मेटवर लगेच थाप मारून; डगआउटकडे बघायचं नाही. बरोबर ठरली तर ती शिल्लक राहते. क्रिकेटमधल्या डीआरएससारखंच, फक्त निकाल काही सेकंदांत येतो. झोनची वरची हद्द बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्के, खालची २७ टक्के.

आमचा अंदाज असा की दाद मागायचं काम बहुधा कॅचरकडेच राहील. पिचर स्वतःच्या प्रत्येक चेंडूला स्ट्राइकच समजतो. क्रिकेटमध्ये बोलरच्या सांगण्यावरून वाया गेलेले रिव्ह्यू आठवा.

क्रिकेटच्या बोलरशी तुलना करता येते का?

थोडीफार. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३. धावत येणं नाही, टप्पा नाही. हाताने ‘फेकायला’ परवानगी असल्यामुळे वेग जास्त. अंतर ६० फूट ६ इंच, पण पिचर पुढे लांब पाऊल टाकतो म्हणून चेंडू ५४-५५ फुटांवरून सुटतो. ताशी ९५ मैल, म्हणजे १५३ किलोमीटर वेगाचा चेंडू ०.४ सेकंदात पोचतो.

रिव्हर्स स्विंगला वाव नाही. चेंडू जमिनीला घासला की पंच तो बदलतात. नवा चेंडू गुळगुळीत असतो म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला डेलावेअर नदीच्या एका उपनदीकाठची माती चोळतात. बोटाला चिकट काही लावलं तर बाहेर, आणि वर दहा सामन्यांची बंदी. २०२१ पासून पंच पिचरचे हात तपासतात.

भारतातून कधी बघायचं?

लॉस एंजेलिसचा संध्याकाळी ७.१० चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७.४० ला. न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाला गेले की पहाटे साडेचार-पावणेपाच. वर्ल्ड सिरीज सहसा पहाटे साडेपाचच्या आसपास. २०२५ चा सातवा सामना इथे २ नोव्हेंबरच्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास संपला. त्याच दिवशी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल होती, आणि रात्री भारत जिंकला. एका रविवारात एवढं पुरे.

तिसऱ्यांदा लागोपाठ जिंकतील का?

१९९८ ते २००० मध्ये यांकीजनी तीन लागोपाठ जिंकल्या, त्यानंतर कुणी नाही. डॉजर्सनी २०२५ मध्ये ९३ सामने जिंकले, म्हणजे काही विशेष नाही. लीगमध्ये पहिल्या दोन विभागविजेत्यांत नंबर न लागल्याने वाइल्ड कार्डची फेरीही खेळावी लागली. रेड्स, फिलीज, ब्रुअर्स, ब्लू जेज: १७ सामने, १३ विजय. ऑक्टोबरमध्ये सुट्टीचे दिवस जास्त असतात आणि चार स्टार्टर पुरतात, म्हणून जुलैत विस्कटलेला स्टाफ तेव्हा अचानक भक्कम वाटला. ब्रुअर्सविरुद्ध चार स्टार्टरनी २८⅔ इनिंग्जमध्ये दोनच अर्न्ड रन दिले.

पण ती वर्ल्ड सिरीज फुकट मिळाली नाही. यामामोतोने सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात २⅔ इनिंग्ज, ३४ चेंडू. ग्लासनाऊ, स्नेल, शीहान सगळे त्याच रात्री आले. तो शीण हिवाळ्यात कितपत निघतो, हा २०२६ चा खरा प्रश्न. एप्रिलमध्ये यामामोतोला ८५ चेंडूंवर काढलं तर चिडू नका. आम्ही मेअखेर तीन आकडे बघणार: स्नेल आणि ग्लासनाऊ मिळून ११० इनिंग्ज झाल्या का, ओहतानी सामन्यामागे पाच इनिंग्ज टाकतोय का, आणि बुलपेन रोज साडेतीन इनिंग्जच्या आत राहतंय का. तिन्ही ‘हो’ असतील तर पैज लावण्याजोगं. दोनच असतील तर विभाग जिंकतील, पुढचं ऑक्टोबरच्या हातात.

मैदानावर जाऊन पिचिंग बघायची तर कुठे बसायचं?

डॉजर स्टेडियम १९६२ चं, ५६ हजारांचं. (सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्नच्या संघांचा प्रदर्शनी सामना १४ नोव्हेंबर २०१५ ला इथेच झाला होता.) चेंडूची हालचाल बघायची तर होम प्लेटच्या मागे, वरच्या मजल्यावरची स्वस्त तिकिटं घ्या, बाजूने बसलात तर स्लायडर वळलेला कळतच नाही. दोन्ही बुलपेन आउटफिल्डच्या भिंतीमागे आहेत. सामन्याच्या ४० मिनिटं आधी तिथल्या कठड्याशी जाऊन उभे राहा: स्टार्टर आधी लांब फेक करतो, मग माउंडवरून २५-३० चेंडू टाकतो, आणि कॅचरच्या ग्लव्हचा आवाज वाढत जातो. पार्किंगमधून आत यायलाच अर्धा तास लागतो, तो धरून निघा.